बिनभाताची मासोळी

त्या वर्षी माझ्या पोटावर, उजव्या बरगडीच्या खाली, एक चुगलखोर चिकटवलेली होती आणि तिने मला सुखाने एक घास खाऊ दिला नाही.

चुगलखोर म्हणजे पट्टी. तळहाताएवढी, कातडीच्या रंगाची, आंघोळ केली तरी न निघणारी. नागपूरच्या दवाखान्याने दिली होती. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात तिला चुगली म्हणायचे. पट्टी पोटातलं बघायची आणि तिच्यासोबत आलेली साबणाच्या वडीएवढी डबी ते बोलून दाखवायची. आवाज बाईचा, गोड, शाळेतल्या मास्तरीणबाईंसारखा. मारायच्या आधी त्या गोड बोलतात ना, तसा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. माझी धाकटी जाऊ भागरता भिंतीला भिंत लावून राहते. तिच्याकडे सहज गेले तर तिने पुढ्यात ताट ठेवलं. भाताचा ढीग, वरून झिंग्यांचा रस्सा.

"भागरता, मले भात बंद आहे."

"बंद म्हणजे घासभर बी नाही? का माझ्या हातचं गोड नाही लागत?"

"तसं नाही व. डॉक्टरीण म्हणते..."

"डॉक्टरीण आहे नागपूरले. तुम्ही आहा माझ्या घरी. खा जी बाई, कोणाले कळते?"

आमच्याकडे वाढणारीने तीनदा म्हणायचं आणि खाणारीने तीनदा नाही म्हणून मग खायचं, ही रीत आहे. मी दोनदाच नाही म्हटलं असेल. खाल्लं. हात धुऊन घरी आले, उंबऱ्यात पाय ठेवला तर ओसरीतल्या खाटेवरून आवाज आला.

"आई, भात खाल्लात ना?"

ही आचल. माझी सून. तिच्या उशाशीही तसलीच डबी होती आणि माझ्या पोटात शिरलेला भात माझ्याआधी तिच्या खाटेपर्यंत पोचला होता.

आचलचं यकृत गेलं होतं. दारू नाही, काही नाही. तिच्या रक्तातल्या शिपायांनी आपल्याच घराला दुश्मनाचं समजून त्याची नासधूस केली होती. डोळे हळदीसारखे झाले, पाय सुजले, पोटात पाणी भरायला लागलं. दुसऱ्या कुणाचा तरी यकृताचा तुकडा बसवला तर ती वाचणार होती, नाहीतर पुढची दिवाळी कठीण. यकृत ही मोठी नवलाची चीज. देणाऱ्याचं अर्धं कापून घेतलं तरी दोघांच्याही पोटात ते पुन्हा वाढतं. पण द्यायचं कुणी? माझ्या मुलाचा, दिलेशचा, रक्तगट जुळेना. तिच्या आईला साखरेची बिमारी. भाऊ तयार होता, तर त्याची आतली एक शीर भलतीकडे वळलेली निघाली. शेवटी मी म्हटलं, माझं बघा. पूर्वी साठी ओलांडलेल्या माणसाचं घेत नसत. आता घेतात, पण महिनोन्महिने पारखून.

माझं जुळलं. रक्त जुळलं, शिरा सरळ निघाल्या, हृदय ठणठणीत. फक्त यकृतात चरबी होती. शंभरात बावीस भाग. दहाच्या खाली आली तरच कापता येईल, असं डॉक्टर पाखमोडे मॅडमनी सांगितलं, आणि चुगली चिकटवली.

नियम असा, की देणारी आणि घेणारी या दोघींनी एकमेकींच्या पट्ट्या बघायच्या. पूर्वी म्हणे घरच्यांच्या दबावाने बायका मुकाट्याने टेबलावर जायच्या, पुरुष पिणं लपवायचे आणि मग आत भलतंच निघायचं. म्हणून आता सगळं उघड. नियम करणाऱ्यांनी चांगल्या मनाने केला असेल. पण त्यांच्या घरात सासू आणि सून एका छपराखाली राहत नसाव्यात.

कारण लग्न होऊन आल्यापासून मी त्या पोरीच्या मागे असायची. मीठ किती घातलंस, तेल किती ओतलंस, वरण एवढं पातळ कुणासाठी? आता ती खाटेवर पडून माझा घास न् घास बघत होती. आणि बघून गप्प बसणारी ती नव्हे.

"आई, काय चाललंय? डबीवरची रेघ वर गेली."

"काही नाही. लिंबाचं सरबत."

"साखर घालून?"

"मग काय मीठ घालून पिऊ?"

"हो."

वाचायलाही मी पन्नाशी उलटल्यावर तिच्याकडूनच शिकले. तेव्हाही ती अशीच. एक काना राहिला तर सगळी ओळ पुन्हा लिहायला लावायची.

पहिला महिना मी भात सोडला. भंडाऱ्याच्या बाईने भात सोडला म्हणजे काय, ते दुसऱ्या मुलखातल्याला कळायचं नाही. आम्ही सकाळी शिळा भात खातो, दुपारी ताजा, रात्री उरलेला. पाहुणा आला तर "जेवला का" विचारत नाहीत, "भात झाला का" विचारतात. तो सोडला. पोळी सोडली, पोहे सोडले, मुरमुरे सोडले, साखर सोडली. चरबी भराभर उतरली आणि मग एका जागी जी बसली, ती हलेचना. दवाखान्यात गेले. पाखमोडे मॅडम तरुण, चष्म्याची, सतत घाईत.

"देवकाबाई, भात सोडलात, शाबास. भाताच्या जागी काय खाता?"

"तूप. मलई. तळलेले शेंगदाणे. खोबऱ्याच्या वड्या, पण बिनसाखरेच्या."

"एवढं तूप कुणी सांगितलं?"

"तुम्हीच तर म्हणाल्या, चरबी चालते."

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "चालते म्हणजे... अहो, चालते म्हणजे प्यायची नसते!"

मग त्यांनी समजावलं, आणि खरं सांगते, तेवढं मात्र नीट समजावलं. यकृत हे कोठार आहे. भात आणि साखर गरजेपेक्षा जास्त आली की ते त्याची चरबी करून भरून ठेवतं. भात बंद केला की कोठार उघडतं आणि शरीर आतला माल जाळायला काढतं. पण वरून ताज्या तुपाची आवक चालूच असली, तर शरीर आधी ते जाळतं. दारात चुलीजवळ लाकडं पडलेली असताना माळ्यावरची कोण काढेल?

"म्हणून आता प्रथिनं वाढवायची," त्या म्हणाल्या. "मासे, अंडी, पनीर, सोयाबीन, दही. आणि तूप चमच्याने, वाटीने नाही."

प्रथिनांचीच का, तर त्याची कारणं त्यांनी सांगितली. शरीराला प्रथिनांची वेगळी भूक असते. ती भागेपर्यंत ते खा, खा म्हणत राहतं. भातात प्रथिनं थोडी, म्हणून ढीगभर भात खाल्ल्याशिवाय ती भूक भागत नाही, आणि तेवढ्यात बाकीचा माल कोठारात जातो. सरळ प्रथिनंच दिली तर पोट आपणहून पुरे म्हणतं. दुसरं असं, की प्रथिनं पचवायलाच शरीराची बरीच ऊब खर्च होते. तूप पचवायला जवळजवळ काहीच लागत नाही. आणि तिसरं माझ्यासारखीसाठी सगळ्यांत मोठं. माणूस बारीक होत असताना प्रथिनं कमी पडली, तर शरीर चरबीबरोबर अंगातलं मांसही जाळतं. मग कापल्यानंतर खाटेवरून उठायला ताकद कुठून आणणार?

प्रथिनं कमी पडली की यकृत रक्तात एक निरोप सोडतं. तो निरोप कातडीवरून वाचता यावा, एवढ्यासाठी ही पट्टी निघाली होती. म्हणजे मला भूक लागली आहे की नुसती तोंड हलवायची हौस आहे, हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं.

घरी आले तर हे सगळं खरं करून दाखवायला चुगली टपलेलीच.

"देवकाबाई, आपल्याला आणखी प्रथिनांची गरज आहे," ती गोड आवाजात म्हणाली.

"तुझ्या मायले आहे गरज," मी म्हटलं.

आम्ही ढिवर. मासोळीबद्दल आम्हाला कुणी शिकवायचं काम नाही. आमच्या तलावावर आता उन्हाची वीज करणाऱ्या काळ्या फळ्या तरंगतात आणि त्यांच्या सावलीत पिंजऱ्यांमध्ये मासोळी वाढते. दिलेश तिथेच कामाला आहे. रोज ताजी रोहू, कटला घरात. पण मासोळी भाताशिवाय? रस्सा कशात कालवायचा? मी रश्श्याची वाटी हातात घेऊन बसायची आणि बोटं आपोआप ताटात भात शोधायची. मग नुसती मासोळी चावत राहायची, काटे काढत, औषधासारखी. सकाळी अंडी, दुपारी मासोळी, संध्याकाळी पुन्हा मासोळी नाहीतर पनीर. तिसऱ्या दिवशी भूकच मेली. बाप्पा, काय सांगू! आयुष्यभर बाजारात टोपली घेऊन बसले, भूक काय असते ते मला माहीत आहे. आणि आता पोटच म्हणत होतं, नको. दिलेशच्या पानात वाफाळता भात पडायचा आणि मला तो खावासाही वाटायचा नाही. याचाच मला जास्त राग यायचा.

"आई, अजून दोन तुकडे," खाटेवरून.

"पोट भरलं."

"चुगली म्हणते कमी पडलं."

"तिले वाढ मग."

पण चरबी उतरायला लागली. अठरा, सोळा, चौदा. दवाखान्यातून कौतुकाचा निरोप आला. दिलेशने गावभर सांगितलं. आणि मग ती पुन्हा अडली. आठवडाभर उतरायची आणि मग एका दिवशी वर उडी मारायची.

आता मंगळवारचं सांगायला पाहिजे. आचल आजारी पडली तेव्हाच मी तलावाच्या पाळीवरच्या मातामायला नवस बोलले होते, की पोरगी खाटेवरून उठेपर्यंत मंगळवार धरीन. ते मी पाळत होते. भात सुटला तरी मंगळवार सुटला नव्हता. चरबी अशी अडल्यावर दवाखान्याने मला रोज काय खाल्लं ते डबीला सांगायला लावलं. मंगळवारी मी सांगायची, उपास. डबी म्हणायची, "नोंद झाली. आज आपण काही खाल्लं नाही." मी म्हणायची, हो.

आणि बुधवारी सकाळी तीच भवानी म्हणायची, "माहिती जुळत नाही. पिष्टमय पदार्थ आढळले."

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा भांडले. तिसऱ्यांदा दिलेशने स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले. माझा मुलगा, माझे डबे हुंगत होता!

"दिलेश, काय शोधून राहिला तू?"

"काही नाही आई."

"भात शोधतोस? मी भाताले हात नाही लावला. मातामायची शपथ."

"मी कुठं काय म्हणालो?"

"तू नाही म्हणालास. तुझं नाक म्हणालं."

भागरतावर संशय गेला. तिने अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, की त्या दिवसापासून तिने मला पाणीसुद्धा पाजलं नाही, आणि पाजणारही नाही. दोन आठवडे आम्ही जावा बोललो नाही.

हे सगळं सहन झालं असतं. आचल बोलली ते नाही झालं. तेव्हा तिच्या पोटातलं पाणी दुसऱ्यांदा काढलं होतं. आवाज क्षीण झाला होता, पण जीभ तशीच.

"आई, तुम्हाला द्यायचं नसेल तर सरळ सांगा ना. असं चोरून खाऊन कशाला? मी काही म्हणणार नाही."

मी तिच्यासाठी मासोळीचे काटे काढत होते. ताट तिथेच ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन बसले.

मग दवाखान्याचं बोलावणं आलं. माहिती तीनदा जुळली नाही की देणाऱ्याचं नाव आपोआप बाजूला पडतं, असा त्या यंत्राचा कायदा होता. माझं पडलं होतं. मॅडमनी दिलेशला बाहेर बसवलं, दार लावलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. घाई कुठे गेली कोण जाणे.

"देवकाबाई, एक सांगू? हे फक्त तुमच्या-माझ्यात. देणाऱ्याला भीती वाटू शकते. त्यात लाज नाही. तुमचं मन नसेल, तर मी घरच्यांना एवढंच सांगेन, की तुमचं यकृत योग्य नाही. दुसरं काही सांगणार नाही. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उभीच राहिले.

"म्हणजे तुम्ही बी तेच म्हणता? मॅडम, मी मासोळी बिनभाताची खाऊन राहिली! बिनभाताची! भीती वाटली असती तर भात खाल्ला असता ना पोटभर!"

"मग बुधवारी पिष्ट कुठून येतं?"

"मले काय माहीत! ती डबी बिघडली आहे. मंगळवारी तर मी काहीच खात नाही. उपास असते."

मॅडमनी कागदावरून नजर उचलली. मग हळूच म्हणाल्या, "उपासाला काय खाता?"

"उपासाले काय खातात? उपासाचंच. साबुदाणा. रताळी. संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा. एखादं केळं."

"शिंगाड्याचा शिरा."

"आमच्याच तलावातला शिंगाडा आहे. शुद्ध."

पाखमोडे मॅडमनी दोन्ही हात डोक्याला लावले. मला वाटलं रडतात की काय. बघते तर हसत होत्या, आणि हसता हसता टेबलावर मूठ आपटत होत्या. "देवकाबाई, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट! रताळं पिष्ट! शिंगाडा पिष्ट! सहा दिवस तुम्ही कोठार रिकामं करता आणि सातव्या दिवशी गाडी लावून भरता!"

"पण ते जेवण नाही," मी म्हटलं.

आणि म्हणता म्हणताच मला कळलं. मंगळवारी साबुदाणा मी सगळ्यांच्या देखत खात होते. दिलेश माझ्याच कढईतली खरड खाऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी भाताचे डबे हुंगायचा. आम्हा कुणालाच ते खाणं वाटलं नव्हतं. आणि डबी बनवणारे शहाणे? त्यांनी उपास म्हणजे रिकामं पोट धरलं. त्यांच्याही घरी कुणीतरी साबुदाणा भिजवत असेलच की!

मॅडमनी स्वतः लिहून माझं नाव परत लावून घेतलं. पण मंगळवार सोडा म्हणाल्या. मी म्हटलं, ते नाही होणार. निर्जळी करते. तर त्या पुन्हा ओरडल्या, की रिकाम्या पोटी शरीर मांस जाळेल, तेही नको. दही घ्या, पनीर घ्या, दूध घ्या, पण घ्या.

परत येताना गाडीतून उतरून मी थेट पाळीवर गेले. मातामाय म्हणजे आमच्याकडे शेंदूर लावलेला धोंडा आणि वर कडुनिंब. मी तिच्यासमोर बसून बराच वेळ विचार केला. बोलले होते तेव्हा मी मंगळवार धरीन म्हटलं होतं. साबुदाणा तिने मागितला नव्हता. तो आमचा आम्हीच लावून घेतला, कारण तो तोंडाला गोड लागतो. मी तिला सांगितलं, बाई, यापुढे मंगळवारी दही आणि पनीर, मिठाशिवाय. तुला चालत नसेल तर आत्ताच सांग. तिने काही सांगितलं नाही. कडुनिंबावरून एक कावळा उडाला, पण तो कशानेही उडतो.

मिठाशिवायचं पनीर कधी खाऊ नका. खडू चावल्यासारखं लागतं.

त्यानंतर चरबी अडली नाही. बारा, अकरा. भागरता बोलायला लागली. स्वतः अंडी उकडून आणायची आणि सोलून देताना माझ्याकडे अशी बघायची, जशी ती अंडी तिनेच घातली होती. मग एके दिवशी दुपारी डबी म्हणाली, "अभिनंदन, देवकाबाई." दहाच्या खाली आले होते. पहिल्यांदाच मला तिचा आवाज बरा वाटला. दिलेश कामावरून धावत आला, चिखलाच्या पायांनी ओसरीत शिरला आणि खाटेजवळ जाऊन रडायला लागला.

"आता तारीख मिळेल," तो म्हणाला. "आचल, फक्त तुझा अंगठा. डबीवर घेणारीची संमती लागते."

आचलने अंगठा मुठीत घेतला.

"मी नाही देत."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आईंचं नको."

दिलेशने समजावलं, हात जोडले, चिडला, मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला. मी आतून सगळं ऐकत होते. माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली, की हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आले.

"काय व आचल? माझं काहून नको? नासकं आहे का?"

"आई, तुम्ही मध्ये पडू नका."

"पोट माझं आहे! मी मध्ये नाही तर कोण?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "मंगळवारचं मला पहिल्यापासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"साबुदाण्याचं. पहिल्याच बुधवारी कळलं. रेघ वर गेलेली स्पष्ट दिसत होती. मी इथूनच तुम्हाला खाताना बघत होते."

मला पळी जड झाली. "आणि सांगितलं नाहीस?"

"नाही."

"दिलेश डबे हुंगत होता, भागरता अंगणात नाचत होती, माझं नाव कापलं गेलं, आणि तू गप?"

"मला वाटलं, उतरलीच नाही तर बरं. तुम्ही आपोआप सुटाल." तिचा श्वास पुरत नव्हता, मध्येमध्ये थांबत होती. "मग वाटलं, तुम्हाला लागेल असं काही बोलले तर रागावून स्वतःच नाही म्हणाल. म्हणून बोलले ते. तुम्ही तर नाहीच रागावलात. मागच्या दारी जाऊन बसलात, आणि परत येऊन काटे काढायला लागलात."

"रागावली होती मी! लई रागावली होती!"

"आई, तुमचं वय काय? टेबलावर तुम्हाला काही झालं तर मी या घरात कोणत्या तोंडाने राहू? हे रोज माझ्याकडे बघतील. बोलणार नाहीत, पण बघतील. मी त्यापेक्षा अशीच बरी."

एखादी चांगली सासू इथे सुनेला जवळ घेऊन रडली असती. मला एवढा संताप आला होता, की पळी खाटेच्या पाटीवर आपटली.

"ऐक. या घरात आजवर तू मले एक घास सुखाने खाऊ दिला नाहीस. मी मासोळी बिनभाताची गिळली. रस्सा वाटीने प्यायली, चहासारखा. बिनमिठाचं पनीर खाल्लं. माझ्या मुलाने माझे डबे हुंगले. जावेने मले गल्लीत चोर ठरवलं. डॉक्टरीण माझ्यावर हसली. हे सगळं कशासाठी केलं मी? बारीक दिसायसाठी? माझं कोण बघते? आता ते तयार झालं आहे, साफ, तुझ्या मापाचं, आणि तू म्हणतेस नको? मी हे वाया जाऊ देणार नाही. तुले नसेल घ्यायचं तर मी ते नागपूरच्या रस्त्यावर कोणालेही देऊन येईन. पण वाया जाऊ देणार नाही, सांगून ठेवते!"

माझा श्वास चढला. डब्या दोन्ही एकदम बोलल्या, माझी आणि तिची, की शांत राहा. मी माझ्या डबीवर पदर टाकला.

आचल माझ्याकडे बघत होती. पिवळ्या डोळ्यांनी, पण नीट, बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं तसं.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. सुई बघितली तरी वाटते. भीती वाटली म्हणून बाजारात जाणं कोणी सोडते का?"

दिलेश दारात येऊन उभा राहिला होता, आत यायचं धाडस न करता.

"माझी एक अट आहे," आचल म्हणाली.

"अट? घेणारी बी अट घालते का?"

"ऐका तर. झाल्यावर तुम्ही गावभर सांगत फिरायचं नाही. बाजारात नाही, विहिरीवर नाही, भागरताकाकूंना नाही. सुनेला मी काळीज कापून दिलं, असं प्रत्येक लग्नात मला ऐकायला लागलं ना, तर मी ते काढून परत तुमच्या हातात ठेवीन."

मी विचार केला. खरंच केला. पोरगी आजारी होती, मरायला टेकली होती, तिला हो म्हणून टाकणं सोपं होतं. मी बाजारातली ती चौकातली जागा डोळ्यांपुढे आणली, टोपल्या लावून बसलेल्या बाया आणल्या, आणि त्यांच्यात मी, पदर सावरून, कुणीतरी विचारतंय, देवकाबाई, एवढ्या बारीक कशा झाल्या?

"नाही व पोरी," मी म्हटलं. "ते तेवढं मले जमायचं नाही."

आचल हसली. पोटाला हात लावून, कळ येत असताना, तोंड वाकडं करत हसली. मग तिने उशाजवळची डबी ओढली आणि तिच्यावर अंगठा दाबला.